बुजवलेला पोचा

मित्रांनो, मी जुनी आहे हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नाही. माझ्याकडे एकदा पाहिले की कळते. पण मी नेमकी किती जुनी, यावरून जो घोळ झाला, त्याची ही हकिकत आहे. मी एका सायकलची फ्रेम. चाके नाहीत, हँडल नाही, सीट नाही, चेन तर केव्हाच गेली. उरल्या आहेत त्या पोलादाच्या नळ्या, आणि नळ्यांना तोंड नसते. तोंड असते तर तुम्हाला ही गोष्ट ऐकावीच लागली नसती.

माझा जन्म एका लांबच लांब शेडमध्ये झाला. एका टोकाला नळ्या आत जायच्या आणि दुसऱ्या टोकाने आम्ही बाहेर पडायचो. नळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे पोलादी टोप्या चढवत आणि त्यांत पितळ वितळवून सांधे झाळत. माझ्या टोप्यांची टोके लांबट आणि वळणदार होती. पुढच्या चिमट्याच्या उजव्या पायाला दिवा अडकवायचा खुंटा होता, आणि खालच्या तिरप्या नळीवर हवेचा पंप बसवायच्या दोन घुंड्या. या घुंड्या फक्त आमच्याच मॉडेलला असत. मॉडेलचे नाव ‘प्रवासी’. बाकीच्या सायकली बाजारापर्यंत जाणाऱ्या, आम्ही गावोगाव जाणाऱ्या. निदान जाहिरातीत तरी तसे म्हटले होते.

सगळ्यात शेवटी एका कामगार बाईने मला उलटे केले. पायडलचा आस ज्या आखूड आडव्या नळीतून जातो, त्या नळीच्या पोटावर तिने माझा नंबर ठोकला. नंबराआधी एक अक्षर असायचे आणि दर सालचे अक्षर वेगळे. माझे ‘के’. ठोकताना ती शेजारणीशी भाजीविषयी बोलत होती. माझ्या आयुष्यात तो नंबर इतका महत्त्वाचा ठरेल असे तेव्हा तिलाही वाटले नव्हते आणि मलाही नाही.

मला ज्याने घेतले त्याला त्याची धाकटी बहीण दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणते. दादा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. कॅरिअरवर हत्यारांची पेटी बांधून तो गावोगाव फिरायचा. त्याने मला पहिल्यांदा घरी आणले तेव्हा त्याची आई दारात येऊन म्हणाली, “आणलास का लोखंडाचा घोडा? आता याला दाणापाणी कोण घालणार?” तिने असे म्हटले खरे, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जुन्या साडीचा मऊ तुकडा मला पुसायला तिनेच काढून दिला.

दादा मला रोज पुसायचा, आठवड्याला तेल द्यायचा. बहिणीला दांडीवर बसवून शाळेत सोडायचा. एकदा शिलाई मशीनचे जड डोके कॅरिअरवर चढवताना त्याच्या हातातून सुटले आणि माझ्या दांडीवर आदळले. दांडीला पोचा पडला. दादा दिवसभर हळहळला. बहिणीला मात्र तो पोचा फार आवडला, कारण दांडीवर बसल्यावर तिचा अंगठा त्यात बरोबर बसायचा. उतारावर ती तिथेच घट्ट धरायची.

दादाला एक खोड होती. आज कुठल्या गावाला चाललोय ते तो घरी कधी सांगत नसे. सांगितले की आईचे सुरू व्हायचे: “तिकडे चाललाच आहेस तर मावशीकडे डबा दे. तिच्या नणंदेकडनं रिकामी बरणी आण. आणि हो, आत्याच्या सुनेला बघून ये.” एकदा चार घरचे डबे पोचवता पोचवता त्याचे कामच राहून गेले. तेव्हापासून आईने विचारले की तो चप्पल घालत म्हणायचा, “इथेच जातोय जरा.” सगळे हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचे, कारण ‘इथेच’ म्हणजे किती लांब ते फक्त माझ्या टायरना ठाऊक असायचे.

एके दिवशी सकाळी तो तसाच “इथेच जातोय जरा” म्हणून निघाला. एका परक्या गावाच्या चढावर त्याने पायडल मारायचे थांबवले. तो खाली उतरला आणि मला धरून चालू लागला. त्याचे सगळे वजन हँडलवर येत होते. हात घामाने भिजले होते. कुणालातरी त्याने दवाखाना विचारला. दवाखान्याच्या सायकल स्टँडवर त्याने मला नीट लावले, कुलूप घातले, चावी खिशात टाकली आणि स्टँडवाल्याला म्हणाला, “आलोच हं.”

दुपारी आतून एक परिचारिका बाहेर आली. “सकाळी छातीत दुखतंय म्हणून एक माणूस आला होता. त्याच्याबरोबरचं कुणी आहे का?” असे तिने विचारले. स्टँडवाला म्हणाला, “एकटा आलेला कुणी? इथं तर सगळे एकटेच येतात, बाई.” ती म्हणाली, “नाव सांगायच्या आधीच गेला हो. खिशात एक चावी आणि स्क्रू ड्रायव्हर. दुसरं काही नाही.” ती चावी कुठल्या कुलपाची, हे शोधायला सायकलींच्या त्या रांगेत कोण येणार? मी तिथेच होते. मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसे झाले. हत्यारांची पेटी कुणीतरी त्याच आठवड्यात पळवली. मग मी कुणाची हे सांगणारे काहीच उरले नाही.

स्टँडवर मी किती ऋतू काढले ते मोजले नाही. टायर बसले, सीटचे कातडे फाटले. शेवटी बेवारस सायकली काढून टाकल्या, तेव्हा एका बर्फवाल्याने मला उचलले. तो माणूस वाईट नव्हता. पण त्याचे काम वाईट होते. पोत्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या तो माझ्यावर लादायचा, आणि बर्फ सारा रस्ता माझ्या अंगावर गळत राहायचा. पाणी वरून ठिबकायचे आणि नळ्यांतून उतरत सगळ्यात खाली, आसाच्या नळीत साचायचे. तिथे गंज धरला. एका दुपारी भर चौकात कडकन आवाज आला आणि माझा तो सांधा फुटला. बर्फ रस्त्यावर, बर्फवाला रस्त्यावर, आणि बघ्यांना फुकटचा गारवा.

त्याने मला ज्याच्याकडे नेले त्याला सगळे मास्तर म्हणायचे. झाळकामात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सर्वांना सांगायचे. त्यांच्या कोपऱ्यात ट्रकखाली चेंगरलेली एक सायकल पडली होती. तीही ‘प्रवासी’च, माझीच जात, पण वयाने माझ्याहून लहान. मास्तरांनी माझी सडलेली आसाची नळी कापून फेकून दिली. माझ्या नळ्यांची खालची टोके गंजून आखूड झाली होती, म्हणून आतून पोलादाचे तुकडे सरकवून त्यांना आधार दिला आणि चेंगरलेल्या सायकलची आसाची नळी तिथे बसवून पितळेने झाळली. त्या नळीच्या पोटावर तिचा नंबर होता आणि त्याआधी अक्षर होते, ‘पी’.

मग मास्तर कानस घेऊन बसले. पितळेचा एक थेंबही बाहेर दिसू नये म्हणून त्यांनी सांधा घासून घासून काचेसारखा केला. “टाका दिसला तर मिशी उतरवीन,” असे ते बर्फवाल्याला म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी बरे होते. पण त्यांचे लक्ष दांडीकडे गेले. “हा पोचा कशाला ठेवायचा? आता हाती धरलीच आहे तर होऊन जाऊ दे.” कुणी सांगितले नव्हते, कुणी मागितले नव्हते. त्यांनी पोच्यात पितळ भरले, घासून सपाट केले आणि वरून जाडसर हिरवा रंग मारला. बर्फवाला खूश झाला. “अहो, ही तर नवीकोरी दिसते!” खरे सांगायचे तर मीही तेव्हा खूश झाले. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे पाहून चांगले बोलले होते.

पुढे घरोघरी फ्रीज आले आणि बर्फवाला बसून राहिला. तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनी माझी चाके एकाला दिली, हँडल दुसऱ्याला दिले, आणि मला भंगारात टाकले.

तिथे एक बाई आली. केस अर्धे पिकलेले, पर्स छातीशी धरलेली. भंगारवाल्याला तिने विचारले, “पंपाच्या दोन घुंड्या असलेली जुनी सायकल आहे का हो?” आवाज बदलला होता, पण विचारायची ती घाई मी ओळखली. ती दादाची बहीण होती. शाळा सुटल्यावर ‘दादा आला का?’ असे ती याच घाईने विचारायची.

भंगारवाल्याने मला ढिगातून ओढून काढले. “ही घ्या. बर्फवाल्याच्या घरची. म्हातारा सांगायचा, दवाखान्याच्या स्टँडवर बेवारस पडली होती म्हणून.”

“कुठल्या दवाखान्याच्या?” तिने विचारले, आणि त्याने गावाचे नाव सांगितल्यावर ती तिथल्या एका फुटक्या बादलीवर मटकन बसली. त्या गावाला दादा कधी जात असेल असे घरी कुणाला माहीतच नव्हते.

पण ती दुधाने तोंड पोळलेली होती. याआधी दोनदा तिला वाटले होते की सायकल सापडली, आणि दोन्ही वेळा तिच्या आईने अंथरूण धरले होते. म्हणून ती मला घरी न नेता एका जाणकाराकडे घेऊन गेली. लोक त्यांना नकाशेवाले काका म्हणत. उभा जन्म त्यांनी पुलांचे नकाशे काढण्यात घालवला होता आणि आता ते जुन्या सायकली ओळखत बसत. त्यांच्या खोलीत भिंतीभर फ्रेम टांगलेल्या होत्या. मधल्या बाकावर मोजपट्ट्या ओळीने लावलेल्या होत्या. माणूस सज्जन होता. तिला आधी पाणी दिले, खुर्ची पुसून दिली, मग मला बाकावर घेतले.

“काय कळायला हवंय तुम्हाला, ताई?”

“ही माझ्या भावाची आहे का, एवढंच,” ती म्हणाली. “तो घरातनं निघाला तो आलाच नाही. कुठे गेला, काय झालं, काही पत्ता नाही. ही त्याची असेल तर तो त्या दवाखान्यात गेला होता. मग मी तिथे जाऊन विचारू शकते. नुसतं जाऊन कसं विचारू? म्हणतील, इतकं जुनं दप्तर उघडायचं ते कशावरून?”

“घरी कोण असतं?”

“आई आहे. थकलीय खूप. माझ्याकडे राहायला चल म्हटलं तर येत नाही. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, म्हणते.” तिने पर्स उघडून पुन्हा बंद केली. “मला तिला खरं सांगायचंय, काका. वाईट असलं तरी चालेल. पण काहीतरी सांगायचंय.”

काका कामाला लागले. नळ्यांची जाडी मोजली. टोप्यांची टोके निरखली. दिव्याचा खुंटा पाहिला, घुंड्यांमधले अंतर मोजले, मागच्या चाकाच्या खाचा पाहिल्या. दर वेळी ते मान हलवत आणि ती खुर्चीत पुढे सरकत होती. “मॉडेल ‘प्रवासी’च,” ते म्हणाले. “यात शंका नाही. टोप्या बघा. हे वळण दुसऱ्या कुणाचंच नाही.”

“दांडीला एक पोचा होता,” ती म्हणाली. “इथे, साधारण मध्ये.”

काकांनी दांडीवरून बोटे फिरवली. “लागत नाही काही. पण रंग जाड आहे. कुणी भरलाही असेल. खरवडून बघू.” त्यांनी पाते उचलले. मित्रांनो, नखाएवढा रंग काढायचा होता. त्याखाली पितळ पिवळेधमक चमकले असते. पण काका शिस्तीचे माणूस होते. पाते हवेतच थांबले. “नाही, आधी नंबर बघू. नंबरावरून साल पक्कं कळतं. बाकीचं सगळं मग.”

त्यांनी मला उलटे केले. आसाच्या नळीच्या पोटावरचा रंग काढला. भिंग धरले. मग कपाटावर चिकटवलेल्या तक्त्याकडे पाहिले, पुन्हा भिंग धरले, पुन्हा तक्त्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे ती नुसती बघत राहिली.

“तुमचे दादा कधी गेले म्हणालात?”

तिने साल सांगितले.

“ताई,” काका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, “ही फ्रेम त्यानंतर चार वर्षांनी बनलीय.”

“तुमचा तक्ता चुकत असेल.”

“चुकला असता तर मला आनंद झाला असता. पण हा तक्ता मी कितीतरी फ्रेमवर ताडून पाहिलाय. माणूस विसरतो, कागद हरवतो. पोलादात ठोकलेला आकडा खोटं बोलत नाही.”

आकडा खोटे बोलतच नव्हता. तो ट्रकखाली मेलेल्या दुसऱ्याच सायकलबद्दल अगदी खरे बोलत होता. मी काय करणार? मला आपटले तर मी वाजते. त्यापलीकडे मला काही येत नाही.

“आणि तो पोचा?” तिने विचारले.

“बघायचाय का? खरवडतो मी. पण आता...”

“राहू दे,” ती म्हणाली. उठताना आधारासाठी तिने माझ्या दांडीवर हात टेकला. अंगठा बरोबर त्याच जागी आला. क्षणभर तो तिथे काहीतरी शोधत असल्यासारखा सरकला आणि मग हात उचलला गेला. “ही तुमच्याकडेच ठेवा, काका. माझ्या काय कामाची?” काकांनी तिच्या आईच्या घरचा फोन नंबर लिहून घेतला; रोज संध्याकाळी मी तिथेच असते, असे ती म्हणाली. तशीच दुसरी सापडली तर कळवीन, असे ते म्हणाले. ती हो म्हणाली, पण जाताना तिने भिंतीवरच्या एकाही फ्रेमकडे पाहिले नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी भिंतीला टेकून होते. मग काकांकडे आणखी एक ‘प्रवासी’ आली. तिची तिरपी नळी सडलेली होती, आणि तिला माझी लावायचे काकांनी ठरवले. मला त्याचे वाईट वाटले नाही. निदान कुणाच्या तरी कामी यावे असे वाटण्याइतकी मी थकले होते. त्यांनी माझ्यावर रंग काढायचे औषध लावले आणि फडक्याने पुसत गेले. दांडीच्या मध्यावर फडके थांबले. अंगठ्याएवढे पितळ लख्ख पिवळे झाले होते.

काकांनी करवत घेतली आणि मला खालच्या सांध्याशी कापले. आत पोलादाचे आधाराचे तुकडे होते, त्यांवर माझ्या जुन्या नळ्यांची गंजलेली टोके, आणि भोवती पितळेची दोन वेगळी कडी, एक कारखान्याचे आणि एक मास्तरांचे. काकांनी ते बोटाने चाचपले. “बदललेली आहे,” ते म्हणाले. “आसाची नळी बदललेली आहे. देवा रे, नंबर हिचा नव्हताच.” ते स्टुलावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

मास्तरांना मी शिव्या देत नाही. त्यांनी मला पुन्हा उभे केले, आणि मनापासून केले. पण मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन एखादी वस्तू दुरुस्त कराल तेव्हा तिची जखम अशी पुसून टाकू नका. भांडे असो, खुर्ची असो, सायकल असो, दुरुस्तीची खूण जरा दिसू द्या. वस्तू चांगली दिसावी हे ठीकच, पण तिच्यावर काय गुदरले हेही कधीतरी कुणालातरी हवे असते. आणि ओळखायला बसाल, तर एका आकड्यावर भरवसा टाकून हातातले पाते खाली ठेवू नका.

शेवटी काकांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. पलीकडे घंटी खूप वेळ वाजली.

“कोण?” तो बहिणीचा आवाज नव्हता. दादाच्या आईचा तो आवाज मी कधीच विसरले नव्हते.

“ताई आहेत का?”

“ती कामावर गेलीय. मला भेटायला आली की फोनही तीच घेते, आज मी घेतला. आपण कोण?”

काकांनी सांगितले.

“अगोबाई, सायकलवाले का तुम्ही? बसा. म्हणजे, फोनवर कुठं बसणार म्हणा!” ती हसली. “तुमचे फार उपकार झाले हो.”

“माझे?”

“मग काय? ती त्याची नाही हे तुम्ही अगदी पक्कं सांगितलंत. लेक रडत आली. मी म्हटलं, वेडी का काय, रडतेस कशाला? त्याची सायकल भंगारात नाही, म्हणजे त्याच्याजवळच आहे. सायकल टाकून जाणारा नव्हे तो. मी आता दोन घास नीट जेवते, विचारा तिला. काही निरोप आहे का?”

काकांच्या मांडीवर माझा कापलेला तुकडा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले.

“नाही,” ते म्हणाले. “सहजच केला होता.”

“बरं, बरं. थांबा हं, जिन्यात पाऊल वाजलं वाटतं. बघते.”

तिने फोन ठेवला नाही, नुसता बाजूला ठेवला. पाय ओढत गेल्याचा आवाज आला. कडी निघाली, दार उघडले. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. काका फोन धरून तसेच बसले होते. दार लागल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी फोन बंद केला.

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. काकांनी पुन्हा फोन केलेला नाही. माझी नळीही त्यांनी दुसऱ्या सायकलला लावली नाही. सगळे तुकडे फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवून दिले आहेत. ते कधी सांगतील असे मला वाटत नाही. मित्रांनो, माझे काही मागणे उरलेले नाही, तुमच्याकडे मात्र एक आहे. वाट बघणाऱ्या माणसाच्या दारात कधी खरी बातमी घेऊन उभे राहिलात, तर ‘सहजच आलो होतो’ म्हणून परत फिरू नका.